काटकसर आमची, हिशेब त्यांचा

दिवस अनिश्चित झाले, नोकरी उद्या राहील की नाही याची खात्री उरली नाही आणि डाळ-तेलाचे भाव पगाराच्या पुढे धावू लागले, की आपल्या समाजात एक ठरावीक जमात सक्रिय होते. ही जमात काटकसरीच्या उपदेशकांची. ती वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून लिहिते, गुंतवणुकीच्या मेळाव्यांतून बोलते आणि कारखान्यात पाहुणी म्हणून येऊन कामगारांना चार हिताच्या गोष्टी सांगते. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की तुमची चणचण हे तुमच्या सवयींचे फळ आहे. बाहेरचा चहा सोडा, सणावाराचा खर्च आवरा, मुलांचे हट्ट पुरवू नका. वाचलेले पैसे दरमहा बाजारात गुंतवा आणि पंचवीस वर्षे थांबा. मग दारिद्र्य तुमच्या उंबऱ्याशी यायलाही धजणार नाही.

या उपदेशाला आपल्या चळवळीतून जे उत्तर दिले जाते, तेही पुरेसे नाही. काटकसर हा शब्द ऐकताच आपल्यातील काही मित्रांच्या कपाळाला आठ्या पडतात. गरिबाला काटकसर शिकवणे हा त्याचा अपमान आहे, असे ते म्हणतात. हे बरोबरच आहे. पण ते तेथे थांबत नाहीत. माणूस हलाखीत असताना हसतो, थट्टा करतो, सणाला पुरणपोळी करतो, याचेही त्यांना दुःख होते. ही लढ्यापासूनची पळवाट आहे, व्यवस्थेशी केलेली तडजोड आहे, असा त्यांचा निर्वाळा असतो. म्हणजे उपदेशक सांगतो, 'हसू नका, बचत करा'. आणि आपला मित्र सांगतो, 'हसू नका, संतापा'. टपरीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला चहा दोघांनाही खुपतो!

काटकसर, हसू आणि लहानसहान सुखे ही कष्टकरी माणसाची स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती मजुरीच्या बदल्यात वळती करून घेण्याचा अधिकार मालकाला नाही आणि सरकारलाही नाही. परिवर्तनाच्या नावाने तिच्यावर जप्ती आणण्याचा अधिकार आपल्यालाही नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे. पण ते नीट समजून घेतले नाही तर आपण चुकीच्या माणसांशी भांडत बसू.

अठरा हजार कप

प्रथम उपदेशकाचा हिशेब त्याच्याच पाटीवर तपासू. एक कामगार दिवसाला दोन कटिंग चहा पितो. कपाला दहा रुपये धरले तर महिन्याचे सहाशे होतात. हे सहाशे रुपये त्याने दरमहा न चुकता गुंतवले आणि बाजाराने पंचवीस वर्षे दरसाल बारा टक्के परतावा दिला, तर अखेरीस हाती सुमारे ११ लाख ३८ हजार रुपये येतात. सभागृहात या आकड्याला टाळ्या पडतात. पण महागाई दरसाल सहा टक्क्यांनी वाढत राहिली तर पंचवीस वर्षांनी रुपयाची किंमत चवथ्या हिश्शाहूनही कमी झालेली असेल. म्हणजे आजच्या भावाने ती रक्कम भरते सुमारे २ लाख ६५ हजार. घरातल्या एका माणसाचे मोठे आजारपण खासगी रुग्णालयात काढावे लागले, तर ही पुंजी तेथल्या बिलात निघून जायला फार दिवस लागत नाहीत.

या हिशेबातील गृहीतकेही पाहावीत. पंचवीस वर्षांत एकदाही नोकरी जाणार नाही, एकदाही आजारपण येणार नाही, मुलीच्या शिक्षणासाठी पैसे मोडावे लागणार नाहीत आणि बाजार कधी कोसळला तरी ऐन गरजेच्या दिवशी कोसळणार नाही. ज्या माणसाच्या आयुष्यात इतकी निश्चिती आहे, त्याला या उपदेशाची गरजच काय? आणि ज्याच्या आयुष्यात ती नाही, त्याच्या उपयोगी हा उपदेश पडणार कसा? कंत्राट दर अकरा महिन्यांनी संपते अशा माणसाला पंचवीस वर्षांचे कोष्टक दाखवणे ही अर्थशास्त्राची थट्टा आहे, आणि ती हसण्याजोगी नाही.

आता त्या माणसाने काय सोडले ते पाहू. त्याने अठरा हजार कप चहा सोडला. म्हणजे अठरा हजार वेळा तो टपरीवर उभा राहिला नाही. कुठल्या खात्यात भरती आहे, कुठला ठेकेदार पैसे बुडवतो, कोणाच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली आणि तिचा अर्ज कोठे मिळतो, ही माहिती ज्या जागी मिळते त्या जागी तो गेला नाही. साहेबाची नक्कल करून चार माणसांना हसवले नाही आणि चौघांबरोबर हसलाही नाही. कामगार वस्तीत काम केलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा, युनियनची पहिली बैठक कचेरीत होत नाही, ती चहाच्या टपरीवर होते. ते दहा रुपये चैनीच्या सदरात लिहिणाऱ्याला जमाखर्च कळतो, माणूस कळत नाही. ती त्या माणसाच्या समाजातल्या सभासदत्वाची वर्गणी आहे.

उपदेश जुना आहे

गरिबाची गरिबी त्याच्या उधळेपणातून येते, हा शोध आजचा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. कुणबी कर्जबाजारी का, तर तो लग्नकार्यात पैसे उधळतो, हे उत्तर तेव्हाच्या साहेबी वर्तुळात तयार होते. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या आयोगाने मात्र, आणि तो इंग्रज सरकारचाच आयोग होता, असा निष्कर्ष नोंदवला की लग्नादी समारंभांवरील खर्चाला कर्जाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले गेले आहे. सारा रोखीने भरण्याची सक्ती, कापसाचे कोसळलेले भाव आणि सावकाराच्या हाती गेलेली न्यायालये ही खरी कारणे अधिक खोल होती. दीडशे वर्षे होऊन गेली. लग्नातल्या जेवणावळीकडे बोट दाखवणारा हात अजून खाली आलेला नाही.

स्वतंत्र भारताच्या सरकारने तर एकदा काटकसर कायद्याने लादून दाखवली. १९७४ साल आठवावे. घाऊक किमतींची पातळी १९७४-७५ मध्ये एका वर्षात जवळजवळ चतुर्थांशाने वर गेली. त्या मे महिन्यात रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला आणि तो अत्यंत कठोरपणे चिरडला गेला. लगेच जुलैमध्ये वटहुकूम निघाला: नोकरदारांना मिळणारी पगारवाढ संपूर्ण आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग त्यांच्या हाती न देता सक्तीने ठेवीत जमा करायचा. तर्क असा, की कामगाराच्या खिशात पैसा गेला की भाव वाढतात. साठेबाजाच्या गोदामात धान्य गेले की भाव वाढतात, हा तर्क मात्र तितक्या तातडीने वटहुकुमात उतरला नाही. महागाई भत्ता हा महागाईची भरपाई म्हणून दिला जातो. त्यातला निम्मा काढून घेणे म्हणजे छत्री द्यायची आणि पाऊस लागला की तिचे निम्मे कापड कापून घ्यायचे.

एकाची बचत, दुसऱ्याची बेकारी

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या विषयावर केन्सला टाळून पुढे जाऊ शकत नाही. १९३१ च्या जानेवारीत, इंग्लंडात मंदी खोल होत असताना, त्याने नभोवाणीवरून ऐन बेकारीच्या काळात पैसे दाबून ठेवण्याच्या उपदेशावर टीका केली आणि गृहिणींना बाजारात जाऊन खरेदी करण्याचे आवाहन केले. एकाने हात आखडला की दुसऱ्याची मजुरी बुडते, हा त्याचा मुद्दा होता. पुढे १९३६ च्या ग्रंथात त्याने तो शास्त्रशुद्ध मांडला. सगळ्यांनी एकाच वेळी बचत वाढवायची ठरवली तर मागणी घटते, मागणी घटली की उत्पादन आणि रोजगार घटतात, आणि अखेरीस समाजाची एकूण बचतही वाढत नाही. एका घराला जो विवेक, तो साऱ्या देशाला आत्मघात ठरू शकतो.

यातून निघणारा राजकीय निष्कर्ष उपदेशकांना सोयीचा नाही. लोक खर्च करू शकत नाहीत तेव्हा सरकारने खर्च केला पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने हेच केले. खेड्यापाड्यांतून लाखो माणसे खडी फोडायला आणि बंडिंगच्या कामाला उभी राहिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आकाराला आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरांतून येणाऱ्या व्यवसाय कराचा पैसा या कामाला लागला. त्या योजनेत भ्रष्टाचार होता, मजुरी तुटपुंजी होती, ते सर्व आपणच मोर्चे काढून सांगितले आहे. पण उपाशी माणसाला 'पोट आवळ' असे न सांगता 'काम माग, ते देणे आमच्यावर बंधनकारक आहे' असे सांगणारा कायदा या राज्याने प्रथम केला, आणि २००५ मध्ये देशाने तो मार्ग घेतला. काटकसरीच्या व्याख्यानाला हे खरे उत्तर होते.

डब्यातले पैसे

लोक काटकसर करत नाहीत, हा आरोपच मुळात खोटा आहे. मराठी घरातली बाई जितकी काटकसर करते, तितकी कोणत्याही अर्थमंत्र्याने आजवर केलेली नाही. शिळ्या पोळीचा कुस्करा आणि शिळ्या भाताला फोडणी, दोडक्याच्या शिरांची चटणी, जुन्या लुगड्याची गोधडी, थोरल्याची पुस्तके धाकट्याला: ही अर्थव्यवस्था कोणत्याही पंचवार्षिक योजनेत नोंदलेली नाही. आणि या सगळ्यातून उरलेले पाच-पन्नास रुपये तांदळाच्या डब्यात, पितळी तांब्यात, देवाच्या फोटोमागे. नवऱ्याला न सांगता ठेवलेला हा पैसा म्हणजे तिचे एकमेव स्वातंत्र्य होते. नवरा दारू पिणारा असेल तर तो पैसा म्हणजे मुलांचे जेवण होते.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. चलनाच्या एकूण मूल्यापैकी सुमारे ८६ टक्के रक्कम या नोटांत होती. काळा पैसा बाहेर काढायचा होता. बाहेर आले ते डब्यातले पैसे. वर्षानुवर्षे लपवलेली पुंजी बायकांना घरच्यांसमोर मांडावी लागली, रांगेत उभे राहून भरावी लागली. रद्द झालेल्या नोटांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक बँकांकडे परत आल्या, हे पुढे रिझर्व्ह बँकेनेच सांगितले. म्हणजे काळा पैसा नोटांच्या रूपाने बुडाला नाही. बुडाले ते त्या डब्याचे गुपित.

बरे, पैसा डब्यात न ठेवता बँकेत ठेवावा, तर सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांना एका सकाळी कळले, की सहा महिन्यांत आपल्या खात्यातून आपल्याला केवळ एक हजार रुपये काढता येतील. ही मर्यादा नंतर टप्प्याटप्प्याने वाढली, पण तोवर कित्येक घरांची आजारपणे आणि लग्ने अडली. बँकेच्या कर्जाचा फार मोठा हिस्सा एका बांधकाम उद्योगसमूहात अडकला होता. काटकसर ठेवीदाराने केली, उधळपट्टी कर्जदाराने केली आणि रांगेत उभा राहिला ठेवीदार. त्याच महिन्यात केंद्र सरकारने कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. सरकारच्याच अंदाजानुसार त्यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा महसूल सोडून दिला गेला. त्या दिवशी कोणत्याही उपदेशकाने तिजोरीला काटकसर शिकवली नाही.

परिणाम आकड्यांत दिसतो. घरगुती क्षेत्राची निव्वळ वित्तीय बचत २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास होती. ते वर्ष टाळेबंदीचे असल्याने हा आकडा फुगलेला होता, हे मान्य करू. पण २०२२-२३ मध्ये ती पाच टक्क्यांच्या आसपास उतरली. अनेक दशकांतला हा नीचांक होता. त्याच वर्षी कुटुंबांच्या कर्जात पडलेली भर बचतीहून मोठी भरली. यावर सरकारतर्फे सांगण्यात आले, की लोक घरे आणि वाहने घेण्यासाठी कर्ज काढत आहेत, म्हणजे त्यांचा भविष्यावर विश्वास आहे. काही घरांबाबत हे खरेही असेल. परंतु मंगळसूत्र गहाण टाकून शाळेची फी भरणाऱ्या बाईचा भविष्यावर विश्वास असतो, असे म्हणायला अर्थखात्यातच नोकरी असावी लागते.

लाटणे आणि थाळी

आता काटकसरीचे दुसरे रूप पाहू, कारण आपल्या चळवळीचा इतिहास तेथे आहे. १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांतल्या स्त्रिया त्यात एकत्र आल्या. दुष्काळाचे दिवस होते. शिधावाटप दुकानांत तांबडी मिलो ज्वारी मिळत होती, रॉकेलसाठी रांगा होत्या, गोडे तेल दिसेनासे झाले होते. या स्त्रियांनी हाती काय घेतले? लाटणे घेतले. लाटणे मोर्चा हे नाव ऐकताच माणूस आधी हसतो आणि मग विचार करतो. आणि हा क्रम अगदी बरोबर आहे. ज्या लाटण्यावरून चाळीचाळीत नवरा-बायकोचे विनोद चालत, तेच लाटणे हातात धरून हजारो गृहिणी रस्त्यावर आल्या. ठरल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजल्या. रिकामी थाळी वाजवून महागाई ऐकवण्याची ही कल्पना ज्या बायकांना सुचली, त्यांच्या विनोदबुद्धीपुढे भल्याभल्यांचे अग्रलेख फिके आहेत.

त्या चळवळीचे रहस्य येथे आहे, की तिने घरातल्या एकट्या काटकसरीला चारचौघांत आणले. स्वयंपाकघरात एकटीने तेलाचा थेंब मोजणे ही निमूट सोसणूक असते. शेजारणीने विचारले, 'तुझ्याकडेही तेल मोजूनच का?', आणि दोघी हसल्या, की तिचे प्रश्नात रूपांतर होते: हे तेल गेले कोठे? पुढे आणीबाणी आली, समितीतल्या कित्येकींना तुरुंगवास घडला. पण १९७७ मध्ये मृणालताई लोकसभेवर निवडून आल्या, तेव्हा मुंबईच्या गल्ल्यांतून घोषणा घुमली: 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में'. एकवीस महिन्यांची भीती एका वाक्यात उडाली. हे काम संतापाने एकट्याने केले नसते.

थाळ्या २०२० मध्येही वाजल्या. २२ मार्चच्या संध्याकाळी पंतप्रधानांच्या आवाहनावरून देशभर बाल्कन्यांतून लोकांनी थाळ्या वाजवल्या. परिचारिका आणि डॉक्टर यांचे आभार मानण्यात गैर काही नव्हते. परंतु १९७३ ची थाळी रिकामी का, हे विचारत होती. २०२० च्या थाळीने काहीच विचारले नाही. वस्तू तीच, आवाज तोच. फरक इतकाच, की पहिली लोकांनी स्वतःहून वाजवली होती आणि दुसरी वरून सांगितल्यावर वाजली.

आमच्या गंभीर मित्रांना

येथे आपल्या गंभीर मित्रांचा आक्षेप ऐकला पाहिजे, कारण त्यात तथ्यांश आहे. ते म्हणतात, की हसण्याने राग निवतो; वाफ निघून गेली की इंजिन चालत नाही. शिवाय 'गरीब पण समाधानी' हे चित्र सत्ताधाऱ्यांना फार आवडते. झोपडीतले हसरे मूल कॅलेंडरवर छापले, की झोपडीचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो.

दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि त्याकडे मी लगेच येतो. पहिला मात्र इतिहासाला धरून नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांच्या सभांना लोटणारी गर्दी हसत घरी जात असे आणि दुसऱ्या दिवशी सत्याग्रहाला येत असे. अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांनी गिरणगावात जो वग आणि पोवाडा उभा केला, त्यात मालकाची टिंगल ही शिकवणुकीची पहिली पायरी होती. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने काय केले? निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही मंडळी त्या मुशीतून निघाली. नायगावच्या कामगार वस्तीत वाढलेल्या आणि काही काळ अपना बाजारात नोकरी केलेल्या कोंडक्यांच्या विनोदाविषयी आपल्या सुसंस्कृत मंडळींनी नाके मुरडली असतील. पण गिरणीतून सुटलेला माणूस त्यात स्वतःला पाहत होता. आणि १९७७ च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे सभांतून बोलू लागले, तेव्हा लोकांना प्रथम जाणवले की सत्तेला हसता येते. हुकूमशाहीला संतप्त माणसाचे भय वाटते हे खरे. पण संतप्त माणसासाठी तिच्याकडे तुरुंग असतो. हसणाऱ्या गर्दीचे काय करावे हे तिला अजून समजलेले नाही.

आणि मित्रहो, आणखी एक विचारतो. चोवीस तास संतप्त राहणारा कार्यकर्ता किती वर्षे टिकतो? आपल्या शाखा ओस पडत चालल्या, त्याची कारणे अनेक आहेत. पण आपल्या बैठकीला आलेला तरुण दुसऱ्या वेळी येत नाही, याचे एक कारण आपली उदास तोंडे हेही असेल. दिवसभर दुचाकीवरून पार्सले पोहोचवून तो आलेला असतो. त्याला आपण जगाच्या अधःपाताचे दोन तासांचे विवेचन ऐकवतो आणि चहाही देत नाही.

विनोद कोठे संपतो

आता दुसरा मुद्दा. लहान सुखांचे कौतुक कोठे थांबावे? फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. हमाली, तोलाई, वाहतूक वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला, आणि तोही पुढच्या तारखेचा! ही बातमी वाचून देश हसला. तो शेतकरी हसला असेल तर तो त्याचा अधिकार आहे. आपण नुसते हसलो तर ते आपले पाप आहे. दोन रुपयांत कोणती काटकसर करायची? कोणते लहान सुख विकत घ्यायचे?

८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. टाळेबंदीत रोजगार गेल्यावर ते पायी गावाकडे निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी सर्वांनी पाहिली. प्रवासाला निघताना पोळ्या बांधून घेणे ही आपल्या देशाची सर्वांत जुनी काटकसर आहे. त्या माणसांनी आपल्या वाट्याची काटकसर शेवटपर्यंत केली होती. कमी पडले ते दुसरे कोणी. येथे विनोद संपतो आणि येथे उपदेशकाने तोंड बंद ठेवावे.

सीमारेषा यातून स्पष्ट होते. माणूस स्वतःच्या तुटपुंज्या मिळकतीतून स्वतःच्या मर्जीने जे सुख निर्माण करतो, ते त्याचे. त्या सुखाकडे बोट दाखवून 'बघा, यांना कशाची ददात आहे?' असे कोणी म्हणू लागला, की ती चोरी. मजुरी, रेशन, शाळा, दवाखाना आणि पाणी यांचा हिशेब वेगळ्या वहीत आहे. त्या वहीत हसू जमा धरता येत नाही.

मग करायचे काय?

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे आपल्या माणसांनी आधीच करून ठेवले आहे. मुंबईच्या नायगावात १९४८ साली कामगारांच्या ग्राहक सोसायटीतून अपना बाजार उभा राहिला. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि लिज्जत उभे राहिले. १९७५ मध्ये, गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापले आणि सावकाराच्या दारात उभ्या राहणाऱ्या त्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारापर्यंत नेले. त्याच वर्षी सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबे गट करून महिन्याचा किराणा एकत्र मागवू लागली. या सर्वांत काटकसर आहेच. पण ती मिळून केलेली आहे, तिचा हिशेब करणाऱ्यांच्याच वहीत आहे आणि तिच्यातून माणसे एकमेकांना बांधली गेली आहेत.

तेव्हा प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीत दहा-वीस घरांचा एक खरेदी गट सुरू करावा, असे मी सुचवीन. आठवड्याचे हप्ते वसूल करणाऱ्या वित्त कंपन्यांनी जेथे बायकांना घेरले आहे, तेथे जुनी भिशी पुन्हा उभी करावी आणि तिचा हिशेब फळ्यावर लिहावा. उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडयांचे वाळवण बायका मिळून घालतात. पोरे भोवती बसून गरम चीक खातात, थट्टामस्करी चालते. त्या गच्चीवर आपली कार्यकर्ती हजर असली पाहिजे. भाषण करायला म्हणून तिने जाऊ नये. पापड लाटायला जावे. तेलाचा भाव, गॅसचा भाव, रेशनवरचे धान्य हे विषय तेथे आपोआप निघतील. ते ती लिहून घेईल आणि पुढच्या आठवड्यात त्याच बायकांबरोबर शिधावाटप कचेरीत जाईल. शाखेच्या गणेशोत्सवात, जयंत्यांत, वर्धापनदिनी पुन्हा एखादा वग बसवावा. विषय हवे असतील तर दोन रुपयांचा धनादेश तयार आहे.

आणि उपदेशक वस्तीत आले, तर त्यांना हाकलून देऊ नये. त्यांना टपरीवर न्यावे, कटिंग चहा पाजावा आणि अठरा हजार कपांचा हिशेब सर्वांसमक्ष पुन्हा मांडायला सांगावा. नंतर त्यांना विनंती करावी, की ज्या कंपन्यांचा कर माफ झाला आणि ज्यांची कर्जे बुडीत खात्यात गेली, त्यांच्या संचालक मंडळासमोरही एकदा काटकसरीवर बोलून या. ते जाणार नाहीत. पण त्या दिवशी टपरीवर जे हसू उसळेल, ते आपल्या सभासद नोंदणीच्या कामी येईल. चहाचे पैसे मात्र आपणच द्यावेत. पाहुण्यांना काटकसरीची सवय असते.